नग्नचित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रांवर गप्पा रंगल्या की हा विषय निघतोच. काही जण दबक्या आवाजात विचारतात, काही आधीच रागावून आलेले असतात, काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

'नग्न' आणि 'नागडं' यात फरक तो काय?

मराठी कानाला तो आपोआप कळतो. 'नग्न' म्हटलं की मूर्ती डोळ्यांसमोर येते, 'नागडं' म्हटलं की अंघोळीतून पळालेलं पोर. पहिल्या शब्दात अंगावर कपडे नाहीत एवढंच आहे. दुसऱ्यात, ते असायला हवे होते, हेही आलं. इंग्रजीतही 'न्यूड' आणि 'नेकेड' अशी जोडी आहे. ब्रिटिश कला-इतिहासकार केनेथ क्लार्क यांनी १९५६ साली त्या जोडीवर अख्खा ग्रंथ उभा केला. न्यूड म्हणजे कलेनं घडवलेला, स्वतःच्या डौलात असलेला देह. नेकेड म्हणजे कपडे गेल्यामुळे ओशाळलेला माणूस.

फरक सुबक आहे, पण मला तो थोडा बघणाऱ्याच्या सोयीचा वाटतो. इतिहास चाळला तर दिसतं की उघड्या अंगावरून फारसं कुणाचं बिनसलं नाही. देवी आहे, पुराणातली कथा आहे, आदिमाता आहे, दूरदेशीच्या अंतःपुरातली दासी आहे, अशी एखादी सबब चित्राला जोडलेली असली की सगळं खपून जायचं. सबब काढून घेतली आणि समोर नावगाव असलेलं एक माणूस उरलं, की लोक बिथरायचे. पुढची बरीचशी उत्तरं याच सबबीभोवती फिरतात.

मग असं चित्र बघायचं कसं?

अंगावर काय उरलंय ते आधी बघा. ऐकायला विचित्र वाटेल, पण नग्नचित्रातली सगळ्यात बोलकी जागा बहुधा तीच असते: कानातला डूल, पायातून निसटलेली सपाता, मनगटावरचं कडं, खुर्चीवर टाकलेले कपडे. पूर्ण विवस्त्र देह कोणत्याही काळाचा असू शकतो. सपाता मात्र एका विशिष्ट बाईची आणि एका विशिष्ट वर्षातली असते.

चित्रकार नग्न देह रंगवायला लागले तरी कशासाठी?

विकण्यासाठी, हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याआधी एक कारागिरीचं कारण आहे. झग्याच्या चुण्या बरोबर पडायला हव्या असतील, तर आतला गुडघा कुठे आहे ते माहीत पाहिजे. इटलीत लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती यांनी १४३५ च्या सुमारास चित्रकारांना सांगितलं होतं की आधी माणूस उघडा काढा, मग त्याला कपडे घाला.

हा सल्ला प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहायचं असेल तर फ्रेंच चित्रकार दाव्हिदचं 'टेनिस कोर्टची शपथ' पाहा. फ्रेंच राज्यक्रांतीतला तो गंभीर प्रसंग त्यानं १७९१ मध्ये प्रचंड कॅनव्हासवर घ्यायला सुरुवात केली, आणि राजकारण उलटल्यावर काम सोडून दिलं. अर्धवट कॅनव्हास आज व्हर्सायमध्ये आहे. मोजकी डोकी व्यवस्थित रंगवलेली, केस विंचरलेले, चेहऱ्यावर देशभक्ती. आणि मानेखाली सगळे पुढारी रेषेनं काढलेले, चक्क नागडे. कपडे नंतर चढायचे होते. ती वेळच आली नाही.

सुरुवात कुठून झाली?

युरोपापुरतं बोलायचं तर ग्रीसपासून, आणि तिथे आधी पुरुष आले. ग्रीक खेळाडू उघड्या अंगानं कसरत करत. 'जिम्नॅशियम' या शब्दातच 'गिम्नोस' म्हणजे 'उघडा' बसलेला आहे. तरुण पुरुषाचा नग्न पुतळा तिथे शतकानुशतकं रुळलेला होता. पूर्ण आकाराची विवस्त्र देवी मात्र इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आली, प्राक्सितेलीस या शिल्पकारानं क्निदोस गावासाठी घडवलेली प्रेमदेवता आफ्रोदिती. ती अंघोळीला निघाली आहे आणि एक हात पुढे धरलाय. सबब तयार: देवी, आणि तीही स्नानाच्या वेळची.

ग्रीकांची भिंतींवरची आणि लाकडी फळ्यांवरची चित्रं जवळपास सगळी नाहीशी झाली. उरली ती मातीच्या भांड्यांवरची. त्यामुळे पुढच्या चित्रकारांनी नग्न देह शिकला तो रंगातून नव्हे, दगडातून. व्हीनस म्हणजे आफ्रोदितीचंच रोमन नाव. बोत्तिचेल्लीची 'व्हीनसचा जन्म' मधली देवी (१४८५ च्या आसपास, फ्लॉरेन्स) अशाच एका पुतळ्याच्या पवित्र्यात उभी आहे: एक हात छातीवर, दुसऱ्या हातात केसांचा लांब पेड. तिचा डावा खांदा नीट बघा. तो कुठे संपतो आणि दंड कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही, मानही वाजवीपेक्षा लांब आहे. तिला खरोखर उभी केली तर ती तोल जाऊन पडेल. तरीही चित्रात ती पिसासारखी तरंगते.

मध्ययुगात चर्चच्या धाकामुळे नग्नता बंदच होती ना?

बंद नव्हती. फक्त तिचा अर्थ लाज असा होता. आदम आणि ईव्ह, नरकात ढकलले जाणारे पापी, छळ सोसणारे संत, हे सगळे कपड्यांविनाच यायचे.

मासाच्चोनं १४२५ च्या पुढेमागे फ्लॉरेन्समधल्या ब्रांकाची चॅपलच्या भिंतीवर स्वर्गातून हाकलले गेलेले आदम-ईव्ह रंगवले. ईव्ह हातांनी अंग झाकतेय. आदमनं अंग तसंच सोडलंय आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. लाज कुठे लपते, याचं इतकं साधं निरीक्षण क्वचितच कुणी केलं असेल. पुढे १६८० च्या सुमारास त्यांच्यावर पानं रंगवली गेली. ती १९८० च्या दशकातल्या साफसफाईत निघाली.

माझं याहून आवडतं उदाहरण गेंटच्या वेदीचित्रातलं, म्हणजे चर्चच्या वेदीवर लावायच्या चित्रातलं आहे. यान व्हान आइकनं १४३२ मध्ये पूर्ण केलेल्या या चित्रात वरच्या दोन टोकांना आदम आणि ईव्ह उभे आहेत, जवळपास माणसाच्या उंचीचे. आदमचे पंजे आणि चेहरा रापलेले आहेत, बाकीचं अंग फिकट. म्हणजे समोर उभा राहिलेला माणूस एरवी कपडे घालून उन्हात काम करणारा होता, आणि चित्रकारानं तो जसा दिसला तसा उतरवला. सृष्टीतल्या पहिल्या पुरुषाच्या अंगावर सदऱ्याची खूण! आदमनं कधी सदरा घातलाच नव्हता, हे व्हान आइकला ठाऊक नसेल असं थोडंच आहे.

तीनशे-साडेतीनशे वर्षांनी हाच खरेपणा नडला. १७८१ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याला ते दोघे पाहून अवघडल्यासारखं झालं. पुढे १९ व्या शतकात मूळ फळ्या ब्रसेल्सला गेल्या आणि चर्चमध्ये त्यांच्या जागी प्राण्यांची कातडी नेसवलेल्या प्रती लागल्या.

सगळ्या बायका व्हीनसच कशा?

कारण व्हीनस म्हटलं की प्रश्न मिटायचा. टिशियननं १५३८ मध्ये रंगवलेली 'उर्बिनोची व्हीनस' घ्या. पलंगावर पहुडलेली स्त्री सरळ आपल्याकडे बघतेय. हातात गुलाब, मनगटात कडं, पायाशी मुटकुळं करून झोपलेलं कुत्रं. मागच्या दालनात दोन दासी, त्यातली एक गुडघ्यांवर बसून पेटीत डोकं खुपसून काहीतरी शोधतेय. बहुतेक हिचेच कपडे. आकाश नाही, शंख नाही, पंखांचा क्युपिड, म्हणजे बालमदन नाही. देवीची एकही खूण नाही. ज्यानं हे चित्र घेतलं त्या गुइदोबाल्दो देल्ला रोव्हेरेनं तर पत्रात तिला सरळ 'ती नग्न बाई' म्हटलंय. व्हीनस हे नाव तिला चिकटलं ते पुढे, चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीच्या लेखणीतून.

राजेलोकांकडे ही चित्रं खासगी दालनांत असत. स्पेनचा दुसरा फिलिप कट्टर धार्मिक, पण टिशियनकडून त्यानं पुराणकथांवरची सहा मोठी चित्रं करवून घेतली आणि त्या कथांमध्ये कपड्यांची वानवाच होती. त्याच स्पेनमध्ये १७६२ साली तिसऱ्या चार्ल्सनं अशी चित्रं जाळून टाकायचा हुकूम दिला होता. दरबारी चित्रकार मेंग्जच्या मध्यस्थीनं ती वाचली. पुढे प्रादो संग्रहालयात १८२७ ते १८३८ या काळात नग्नचित्रांसाठी वेगळी राखीव खोली होती. खोलीत प्रवेश कुणाला, हा प्रश्न चित्रात काय आहे यापेक्षा नेहमीच मोठा राहिलाय.

सिस्टिन चॅपलमधल्या चित्रांना चड्ड्या घातल्या, ही दंतकथा आहे का?

अगदी खरी गोष्ट आहे. व्हॅटिकनमधल्या या चॅपलमध्ये मायकेलअँजेलोनं वेदीमागच्या भिंतीवर 'अंतिम न्याय' रंगवला १५३६ ते १५४१ मध्ये. वसारी सांगतो की पोपच्या दरबारातले अधिकारी बियाजो दा चेझेना यांनी, हे चित्र देवघरात नव्हे तर न्हाणीघरात किंवा दारूच्या गुत्त्यात शोभेल, असा शेरा मारला. चित्रकारानं उत्तर म्हणून त्यांचा चेहरा नरकाचा न्यायाधीश मिनोसला दिला, गाढवाचे कान लावले आणि अंगाला साप गुंडाळला. तो अजून तिथेच आहे, खाली उजव्या कोपऱ्यात.

१५६४ च्या जानेवारीत ही नग्नता झाकायचं ठरलं आणि फेब्रुवारीत मायकेलअँजेलो वारला. काम मिळालं त्याच्याच मित्राला, दानिएले दा व्होल्तेर्राला. त्यानं ठिकठिकाणी वस्त्रं रंगवली. संत कॅथरीन आणि संत ब्लेझ यांच्या आकृत्या तर जुना गिलावा खरवडून नव्या ओल्या गिलाव्यावर पुन्हा केल्या, म्हणजे मूळचं चित्र कायमचं गेलं. बिचाऱ्याला 'ब्रागेत्तोने' हे नाव पडलं. मराठीत सांगायचं तर 'चड्डीवाला'. चांगला चित्रकार होता, पण इतिहासात असा अडकला. १९९४ मध्ये संपलेल्या साफसफाईत नंतरच्या काळातली बरीच वस्त्रं काढली गेली, दानिएलेची मात्र ठेवली. आता तीही इतिहास झाली आहेत. मूळ चित्र कसं होतं याची कल्पना मार्चेल्लो व्हेनुस्तीनं १५४९ मध्ये केलेल्या प्रतीवरून येते. ती नेपल्सला आहे.

इथे माझी सबबीची मांडणी जरा लंगडी पडते, हे कबूल करतो. धर्मकथेपेक्षा मोठी सबब ती कोणती? पण इथे नडली ती जागा. तेच देह एखाद्या सरदाराच्या दालनात असते तर कुणी ब्रश उचलला नसता.

मॉडेल म्हणून कोण बसायचं?

बराच काळ पुरुष. कार्यशाळेतली शिकाऊ पोरं हाताशी असायची, त्यांनाच उभं करायचं. मायकेलअँजेलोच्या लिबियन सिबिलसाठी केलेला लाल खडूचा अभ्यास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ती सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, पण कागदावरची रुंद, पिळदार पाठ सरळ सरळ पुरुषाची आहे. चित्रात तिला कपडे आणि केशरचना मिळाली, स्नायू मात्र त्याचेच राहिले.

नंतर बायका आल्या: पोटासाठी बसणाऱ्या, प्रेमात असलेल्या, कधी दोन्ही. रेम्ब्रांटची बायबलमधली 'बाथशेबा' (१६५४, लूव्र) बघा. दाविद राजानं बोलावणं धाडलंय, चिठ्ठी तिच्या हातात आहे, कोपरा दुमडलेला. ती चिठ्ठी वाचून झाली आहे आणि ती कुठेच बघत नाहीये. जायचं की नाही, हा प्रश्न तिला नाहीच, राजाची आज्ञा आहे. सगळ्या चित्रात तिची मान जेवढी खाली गेली आहे तेवढं पुरेसं आहे. मॉडेल हेंड्रिक्ये स्टॉफेल्स असावी असं मानलं जातं. ती रेम्ब्रांटसोबत लग्नाशिवाय राहत होती आणि त्याच वर्षी चर्चनं तिला त्यावरून जाब विचारायला बोलावलं होतं. म्हणजे तिच्याही हातात एक बोलावणं होतंच.

रेम्ब्रांटनं तरुणपणी, १६३१ च्या आसपास, एका बसलेल्या स्त्रीचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र केलं. पोट सुटलेलं, मांड्या जड, आणि पायांवर मोज्यांच्या बंदांचे वळ. आंद्रिस पेल्स नावाच्या कवीनं १६८१ मध्ये त्यावर नाराजी नोंदवली: ग्रीक व्हीनस सोडून याला धोबीण बरी वाटते, चोळीच्या नाडीच्या आणि मोज्याच्या बंदाच्या खुणासुद्धा सोडत नाही! तक्रार उघड्या अंगाची नव्हती. बाई थोड्या वेळापूर्वी कपड्यांत होती, हे कळत होतं याची होती.

'ऑलिंपिया'वरून एवढं रान का उठलं?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला नेहमी मजा येते. १८६३ मध्ये पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, म्हणजे सलाँमध्ये, काबानेलचं 'व्हीनसचा जन्म' होतं. लाटेवर लोळणारी गुलाबी देवी, डोळे अर्धवट मिटलेले, वर बाळक्युपिड घिरट्या घालतायत. चित्र इतकं आवडलं की तिसऱ्या नेपोलियननं ते विकत घेतलं.

त्याच वर्षी एदुआर मानेनं 'ऑलिंपिया' रंगवली आणि १८६५ मध्ये सलाँमध्ये लावली. मांडणी सरळ टिशियनच्या व्हीनसवरून उचललेली. पण क्युपिड गायब, कुत्र्याच्या जागी पाठ ताणून उभं राहिलेलं काळं मांजर, दासीच्या हातात कुण्या गिऱ्हाइकानं पाठवलेला गुच्छ. गळ्यात काळी फीत, केसांत फूल, एका पायात सपाता आणि दुसरी निसटलेली. त्या काळी 'ऑलिंपिया' हे नाव पॅरिसमधल्या देहविक्रय करणाऱ्या बायका घेत. आणि ती बघते कशी, तर दारावर आलेल्या माणसाला आत घ्यावं की नाही हे ठरवल्यासारखी. लोक छत्र्या उगारायला लागले, पहारेकरी नेमावे लागले, शेवटी चित्र दारावर इतक्या उंच नेऊन टांगलं की धड दिसेना.

कातडी मोजली तर काबानेलनं मानेपेक्षा कमी दाखवलेली नाही. फरक फितीचा आणि सपातेचा. मानेनं रंगही सपाट लावला होता, गुळगुळीत सावल्यांची मखमल दिली नव्हती, तेही लोकांना झोंबलं. गोयाच्या 'नग्न माहा'चं (१८०० च्या आधीची काही वर्षं) असंच झालं होतं. ना देवी, ना कथा, नुसती एक बाई उशांवर हात डोक्यामागे घेऊन. १८१५ मध्ये धर्मन्यायालयानं गोयाला त्यावरून विचारणा केली.

मानेच्या मॉडेलचं नाव व्हिक्तोरिन म्यरां. ती स्वतः चित्रकार होती. १८७६ च्या सलाँनं तिचं चित्र स्वीकारलं, आणि मानेची त्या वर्षीची चित्रं नाकारली. दासीच्या रूपात उभी असलेली मॉडेल होती लॉर. तिच्याकडे बघायला समीक्षकांना शंभर वर्षं लागली.

स्त्री चित्रकारांनी नग्नचित्रं का काढली नाहीत?

त्यांना वर्गातच घेत नव्हते. मोठं ऐतिहासिक चित्र करायचं तर नग्न मॉडेलवरून अभ्यास हवा, आणि तो वर्ग बायकांना बंद. म्हणजे फुलं, फळं आणि पोर्ट्रेट एवढंच हाती उरलं. नंतर हेच लोक विचारणार, बायकांनी मोठी चित्रं का नाही काढली?

लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांमध्ये १७६८ साली दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. झोफानीनं १७७१-७२ मध्ये या मंडळींचं समूहचित्र काढलं. खोलीत नग्न पुरुष मॉडेल, भोवती सगळे सभासद गप्पा मारतायत. या दोघी कुठे आहेत? भिंतीवर. दोन पोर्ट्रेट टांगलेली आहेत, तीच त्या. नग्न मॉडेल असलेल्या खोलीत त्यांना उभं करता येत नव्हतं, म्हणून चित्रातल्या चित्रात ढकललं. त्या अकॅडमीत विद्यार्थिनींना हा वर्ग खुला झाला १८९३ मध्ये, तोही मॉडेलच्या कमरेला वस्त्र गुंडाळून. फिलाडेल्फियात थॉमस ईकिन्सनं विद्यार्थिनींसमोर पुरुष मॉडेलचा लंगोट काढला, तर १८८६ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली.

पुढच्या पिढ्यांनी वसुली केली. सुझान व्हालादों आधी रेन्वारसारख्यांची मॉडेल होती, मग स्वतः चित्रकार झाली. १९०९ मध्ये तिनं आदम-ईव्ह म्हणून तरुण जोडीदार आणि स्वतःला रंगवलं. पुढे प्रदर्शनात मांडताना आदमच्या कमरेला पानं चढवावी लागली, ईव्ह तशीच चालली. पाउला मोडरसन-बेकरनं १९०६ मध्ये स्वतःला अर्धविवस्त्र रंगवलं. अमृता शेरगिल यांनी पॅरिसमध्ये शिकत असताना, १९३३ मध्ये, 'प्रोफेशनल मॉडेल' केलं. त्यात थकलेली, खांदे पडलेली एक मॉडेल आहे, पाहणाऱ्याला खूश करायची तिला अजिबात घाई नाही. आणि अमेरिकेच्या अ‍ॅलिस नील यांनी ८० व्या वर्षी, १९८० मध्ये, स्वतःचं नग्नचित्र पुरं केलं: निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसलेल्या, हातात ब्रश, अंगावर फक्त चष्मा.

पुरुषांची नग्नचित्रं कमी का दिसतात?

१८ व्या शतकापर्यंत भरपूर होती. फ्रेंचमध्ये नग्न पुरुषाच्या अभ्यासचित्राला शब्दच 'अकादेमी' असा होता. १९ व्या शतकात पारडं फिरलं, कारण विकत घेणारे पुरुष होते. शिवाय पुरुष वीर असेल तर चालायचा, घरातला नाही. कायबोतनं १८८४ मध्ये अंघोळ करून पाठ पुसणारा एक साधा माणूस रंगवला. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे आहेत, बूट तिथेच पडलेत. १८८८ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात हे चित्र एका आडबाजूच्या छोट्या खोलीत नेऊन ठेवलं. त्याच्या हातात भाला असता तर बहुधा मुख्य दालनात राहिला असता.

त्वचेचा रंग कसा करतात? माझा नेहमी प्लास्टिकसारखा दिसतो.

तयार 'स्किन टोन'ची ट्यूब आधी फेकून द्या. जुने इटालियन चित्रकार त्वचेखाली हिरवा थर द्यायचे. वर पातळ गुलाबी चढवला की दोन्ही एकमेकांना शांत करतात आणि कातडीत जीव येतो. जुन्या चित्रांत वरचा थर झिजलाय तिथे संतांचे चेहरे काविळीनं नाही तर याच कारणानं हिरवट दिसतात. तैलरंग आल्यावर पारदर्शक थरांवर थर देता यायला लागले. विलेम द कूनिंग तर म्हणायचा की तैलरंगांचा शोधच मुळी मांस रंगवायला लागला. रूबेन्सच्या सावल्यांत निळसर-राखाडी झाक दिसेल, आणि कोपर, गुडघे, टाचा, कानाच्या पाळ्या यांवर लाल. ल्युसियन फ्रॉइड क्रेम्निट्झ व्हाइट नावाचा शिशाचा जड पांढरा वापरायचा, म्हणून त्याच्या चित्रांतली त्वचा जवळून भिंतीच्या गिलाव्यासारखी खरबरीत लागते. (शिसं विषारी असतं. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.)

अँग्रच्या चित्रातली बाई शरीरशास्त्राच्या दृष्टीनं चुकीची आहे, हे खरं का?

खरं आहे. अँग्र हा फ्रेंच चित्रकार. त्याचं 'ला ग्रांद ओदालिस्क' (१८१४; ओदालिस्क म्हणजे अंतःपुरातली दासी) लोकांसमोर आलं तेव्हाच टीका झाली की हिच्या पाठीत तीन मणके जास्त आहेत. अँग्रला चित्रकलेचं व्याकरण येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. त्याला ती रेषा लांब हवी होती, एवढंच.

आधुनिक चित्रांत तर देह ओळखूही येत नाही. मग ती नग्नचित्रं कसली?

पिकासोच्या 'आव्हिन्योंच्या तरुणी' (१९०७) मध्ये पाच बायका आहेत, कोपरं आणि गुडघे फुटक्या काचेसारखे, दोन चेहरे मुखवट्यांसारखे. साधारण आठ फूट बाय आठ फुटांच्या कॅनव्हासवर त्या तुमच्याकडे रोखून बघतात. मित्रांनासुद्धा ते चित्र पचलं नाही. मार्सेल द्युशाँचा किस्सा याहून गमतीचा. त्यानं १९१२ मध्ये 'जिना उतरणारी नग्नाकृती' पॅरिसच्या प्रदर्शनाला दिलं, तर क्युबिस्ट, म्हणजे वस्तू कोनाकोनांत फोडून रंगवणाऱ्या मित्रांनी त्याच्या भावांकरवी निरोप धाडला की निदान शीर्षक बदल. न्यूडनं पहुडायचं असतं, जिने उतरायचे नसतात! क्रांतिकारकांचीही एक सबब ठरलेली होती म्हणायची. त्यानं चित्र घेतलं आणि टॅक्सीत घालून घरी आणलं. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तेच गाजलं.

युरोपाबाहेर काय?

देह सगळीकडे आहे, 'न्यूड' नावाचा वेगळा चित्रप्रकार मात्र सगळीकडे नव्हता. अजिंठ्याच्या भिंतींवर उघड्या छातीच्या कितीतरी स्त्रिया आहेत, पण त्यांचा विषय नग्नता नाही. त्या काळच्या चित्रात माणसं तशीच वावरतात, दागिने मात्र भरपूर. जपानी शृंगारचित्रांत तर माणसं बहुतेक किमोनोतच असतात.

पॅरिसहून शिकून आलेले चित्रकार ही पद्धत घेऊन परतले तेव्हा ठिणग्या उडाल्या. जपानच्या कुरोदा सेइकींच्या चित्रावर १८९५ मध्ये क्योतोत वादळ उठलं, आणि १९०१ मध्ये तोक्योत त्यांच्या नग्नचित्राच्या कमरेखालचा भाग खरंखुरं कापड लावून झाकला गेला. चित्राला चक्क परकर नेसवला! शांघायमध्ये ल्यू हायसू यांनी वर्गात नग्न मॉडेल बसवले, त्यावरून १९२६ मध्ये लष्करी सत्ताधीश सुन च्वानफांगशी त्यांचा उघड संघर्ष झाला. मुंबईत १९५४ साली अकबर पदमसींवर 'लव्हर्स' या चित्रावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

कला कुठे संपते आणि अश्लीलता कुठे सुरू होते?

रेघ दाखवा म्हणाल तर माझ्याकडे नाही. मोदिग्लियानीच्या १९१७ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात पोलिसांनी नग्नचित्रं उतरवायला लावली, कारण त्यांत अंगावरचे केस दाखवले होते. संगमरवरी गुळगुळीतपणा सोडला हा गुन्हा. त्याच मालिकेतलं एक चित्र २०१५ मध्ये १७ कोटी डॉलरवर विकलं गेलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, ती कलाप्रेमी मंडळी टाळतात. १० मार्च १९१४ रोजी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या मेरी रिचर्डसननं लंडनच्या नॅशनल गॅलरीत वेलाझ्केझच्या 'रोकबी व्हीनस'वर खाटकाच्या सुऱ्यानं वार केले. आदल्या दिवशी त्यांच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना अटक झाली होती. पुष्कळ वर्षांनी रिचर्डसननं सांगितलं की पुरुष दिवसभर त्या चित्रासमोर तोंडाचा आ करून उभे राहायचे, तेही तिला आवडत नव्हतं. चित्र फाडणं मला मान्य नाही. पण 'ही कला आहे' एवढं म्हटलं की त्या आ करून बघण्याचं काय करायचं ते सुटत नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या गरिला गर्ल्स या गटानं मेट्रोपॉलिटनच्या आधुनिक कला विभागात मोजणी केली. कलाकारांत स्त्रिया ५ टक्क्यांहून कमी, नग्नाकृतींत ८५ टक्के. त्यांनी ते पोस्टरवर छापलं.

मुलांना अशी चित्रं दाखवावीत का?

संग्रहालयात मुलं दहा सेकंद हसतात आणि मग विचारतात की तिथे कुत्रं का झोपलंय. अवघडतात ते मोठे.

चित्रवर्गात मॉडेलसमोर पहिल्यांदा बसायचं आहे. अवघडायला होईल का?

पहिली पाच-दहा मिनिटं. मॉडेल पडद्याआड कपडे बदलते, गाऊन घालून येते, चौथऱ्यावर चढल्यावर गाऊन बाजूला ठेवते. आधी मिनिट-दोन मिनिटांच्या झटपट पोझ, मग लांब बैठक. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती. पुन्हा तीच पोझ मिळावी म्हणून पावलांभोवती खडूनं खुणा करतात. फोटो काढायचा नाही, मॉडेलला हात लावायचा नाही, पोझ बदलायची तर शिकवणाऱ्यानं तोंडी सांगायचं. एवढे नियम पाळले की पुरे. लवकरच कळतं की अडचण लाजेची नाहीच. तुमच्या दिशेनं आलेलं पाऊल कागदावर बटाट्यासारखं दिसतं, ही खरी अडचण.

माझ्या पहिल्या वर्गात डोकं इतकं मोठं झालं की घोट्यांपर्यंत पोचेस्तोवर कागद संपला. दुसऱ्या कागदावर नुसते पायच काढायला घेतले. मॉडेलच्या पोटरीवर मोज्याच्या इलॅस्टिकचा लाल वळ होता. तो मी आधी काढला, मग बरा दिसेना म्हणून बोटानं पुसून टाकला. मागे उभ्या असलेल्या शिकवणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. वाकून माझ्या हातातला कोळसा घेतला, वळ पुन्हा काढला आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.